सातवीचं गणित आणि घरातला संगणक



पहिल्या चाचणीचे पेपर घरी आले, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. लोणची-मुरंबे मागे पडतात आणि गणित पुढं येतं. यंदा तर बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न आहे. एका भगिनीनं तो अगदी नेमका विचारला आहे. मुलगी सातवीत. बाकी विषयांत बरी, पण गणितात पस्तिसाच्या काठावर. गणित शिकवणारं सॉफ्टवेअर विकणारा एक गृहस्थ घरी येऊन गेला. टॅब्लेट आणि सॉफ्टवेअर मिळून रक्कम मोठी, ती महिन्याच्या हप्त्यांनी फेडायची. यजमान म्हणतात, पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, घेऊन टाकू. सासूबाई म्हणतात, नुसते खेळ खेळत बसेल. त्या भगिनी शेवटी लिहितात, "ताई, खरंच मार्क वाढतात का हो?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर जाहिरातीत मिळायचं नाही. या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या देशात आणि परदेशातही चांगल्या पाहण्या झाल्या आहेत. त्यांतून काय निघालं ते आज पाहू. म्हणजे हप्त्याच्या कागदावर सही करायची की नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

गुण वाढले हे ओळखायचं कसं?

शेजारच्या बंडूनं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याचे गुण वाढले, असं आपण ऐकतो. पण त्याच सुमारास बंडूची शिकवणी सुरू झाली असेल, वडील संध्याकाळी घेऊन बसत असतील, किंवा पेपरच सोपा आला असेल. शिवाय जे आईबाप एवढा खर्च करतात, ते मुलाच्या अभ्यासाकडे आधीपासूनच लक्ष देणारे असतात. मग श्रेय नक्की कुणाचं?

म्हणून अभ्यासक एक सोपी युक्ती करतात. इच्छुक मुलांची नावं घ्यायची आणि चिठ्ठ्या टाकायच्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना संगणक, बाकीच्यांना नाही. दोन्हींकडे हुशार, मठ्ठ, कष्टाळू, आळशी सगळेच सारखे वाटले जातात. मग दोघांची एकच परीक्षा घ्यायची. फरक दिसला तर तो संगणकाचा.

तो फरक समजायला मनात एक चित्र ठेवा. शंभर मुलं गुणांप्रमाणे ओळीत उभी आहेत, कच्ची मुलं सुरुवातीला आणि पक्की शेवटाकडे. मधलं मूल पन्नासाव्या जागी. संगणकावर शिकल्यानं ते किती जागा पुढं सरकतं, एवढंच बघायचं.

दिल्लीची मुलं

सहावी ते नववीच्या मुलांची सर्वांत नावाजलेली पाहणी आपल्याच देशातली, दिल्लीतली आहे. 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर अहमदाबादच्या 'एज्युकेशनल इनिशिएटिव्हज' या संस्थेनं तयार केलेलं. २०१५ च्या सप्टेंबरपासून साडेचार महिने दिल्लीतल्या सरकारी शाळांतल्या सुमारे सहाशे मुलांवर हा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध केले. मुलं शाळेव्यतिरिक्त आठवड्याचे सहा दिवस केंद्रावर यायची. दीड तासाचा वर्ग. त्यातली ४५ मिनिटं संगणकावर आणि ४५ मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटात शिकवणाऱ्या ताई-दादांबरोबर.

आरंभी या मुलांची चाचणी घेतली तेव्हा जे दिसलं ते काळजाला चटका लावणारं आहे. सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होतं. आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलं होतं! म्हणजे वर्गात बीजगणित चाललेलं आणि मूल मनानं अजून चौथी-पाचवीच्या भागाकारात अडकलेलं. शिक्षक पुस्तक पुरं करतात, त्यांचाही नाइलाज असतो. मूल मात्र दरवर्षी वरच्या वर्गात जातं आणि दरवर्षी थोडं आणखी मागे पडतं.

आता निकाल. ज्यांची चिठ्ठी निघाली ती मुलं, पन्नासाव्या जागेवरची धरली तर, गणितात सुमारे चौसष्टाव्या जागेवर गेली. हिंदीतही फायदा झाला, पण तो गणिताहून कमी. आणि ही मुलं काही रोज येत नव्हती बरं का! हजेरी सरासरी साठ टक्क्यांच्या आतच होती. मुलगे आणि मुली यांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. म्हणजे 'मुलींना गणित जात नाही' म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कच्च्या मुलांची. संगणक न मिळालेल्यांत जी मुलं तळाच्या तिसऱ्या भागात होती, त्यांची त्या साडेचार महिन्यांत मोजण्याइतकी प्रगतीच झाली नव्हती. शाळेत बसत होती, पण पदरात काही पडत नव्हतं. संगणकावर बसलेली तशीच मुलं मात्र हुशार मुलांइतकीच पुढं सरकली.

असं का झालं? संगणक काही जादू करत नाही. त्यानं एवढंच केलं, की मूल जिथं आहे तिथून सुरुवात केली. सातवीतल्या मुलाला चौथीचा भागाकार येत नसेल तर त्याला चौथीचा भागाकार दिला. चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या बाईंना हे जमणं कठीण. संगणकाला ते जमतं, आणि मुलाला चारचौघांत लाजही वाटत नाही.

आता एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही, म्हणून मी सांगते. वर सांगितलेले गुण अभ्यासकांनी घेतलेल्या चाचणीतले आहेत. त्यांत खालच्या इयत्तांचीही गणितं होती. शाळेच्या वार्षिक परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, पण गणितात ठळक फरक दिसला नाही. कारण उघड आहे. तिसरीवरून पाचवीपर्यंत आलेलं मूल खरोखर शिकलेलं असतं, पण पेपर सातवीचा असतो. तेव्हा पहिल्या सहामाहीत प्रगतिपुस्तकावर काही दिसलं नाही, म्हणून लेकीवर रागावू नका. आणि "तीन महिन्यांत नव्वद टक्के" अशी हमी कुणी दिली, तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

वडोदरा, अहमदाबाद आणि मुंबईची बालसखी

याआधीची एक पाहणी वडोद्याची. महापालिकेच्या शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक असा संगणक मिळाला. त्यावर गणिताचे खेळ. पहिल्या वर्षी मधलं मूल सुमारे चौसष्टाव्या जागी गेलं, दुसऱ्या वर्षी अडुसष्टाव्या. पण हे बंद झाल्यावर वर्षभरानं पुन्हा पाहिलं, तर बरीचशी कमाई ओसरली होती, चौपन्नाव्या जागेइतकी उरली होती. रियाज सुटला की गळा बसतो, तसंच हे.

याच अभ्यासात मुंबई आणि वडोद्यात आणखी एक प्रयोग झाला. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेनं वस्तीतल्याच तरुण मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन 'बालसखी' म्हणून नेमलं. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसायचं, रोज दोन तास, अगदी पायापासून. त्यांच्याकडच्या मुलांचेही गुण वाढले. आणि पैशाच्या हिशेबात बालसखी संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त पडली! अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००७ साली प्रसिद्ध केलं. पुढं २०१९ मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

अहमदाबादच्या 'ज्ञानशाळा' संस्थेच्या वर्गांतला अनुभव तर फार बोलका आहे. लहान इयत्तांची मुलं, सॉफ्टवेअर तेच. काही ठिकाणी शाळेच्या वेळातच, बाईंच्या शिकवण्याऐवजी मुलांना संगणकावर बसवलं. काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्यात भर म्हणून बसवलं. भर म्हणून बसलेल्यांचा फायदा झाला. बाईंऐवजी बसलेली मुलं मात्र चक्क मागे गेली, पन्नासावरून अठ्ठाविसाव्या जागेच्या आसपास. त्या बाई चांगलं शिकवत होत्या, तेच शिकवणं काढून घेतलं गेलं.

थोडक्यात, चटणीनं जेवणाला चव येते, पण चटणी म्हणजे जेवण नव्हे.

परदेशात काय दिसलं?

अमेरिकेत तरी सगळं छान असेल, असं तुमच्या मनात येईल. तसं नाही. तिथल्या शिक्षण खात्यानं २००७ साली संसदेला एक मोठा अहवाल दिला. सहावीच्या गणिताची आणि बीजगणिताची सॉफ्टवेअर वापरणारे वर्ग आणि न वापरणारे वर्ग यांची तुलना केली होती. गुणांत ठळक असा फरक आढळला नाही. संगणक होते, कार्यक्रम नामवंत होते, पण बऱ्याच वर्गांत ते वर्षभरात फार थोडा वेळ वापरले गेले.

'रँड' या संस्थेनं सात राज्यांतल्या १४७ शाळांत बीजगणिताचा संगणकी कार्यक्रम तपासला. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या वर्षी फायदा नाही. दुसऱ्या वर्षी वरच्या शाळांत मधलं मूल अठ्ठावन्नाव्या जागी गेलं. खालच्या, म्हणजे सातवी-आठवीच्या शाळांत मात्र फायदा खात्रीनं सांगण्याइतका ठरला नाही. शिक्षकांनाही ते साधन हाताळायला वर्ष लागतं, हे यावरून दिसतं. नवा कुकर घेतला तरी पहिले चार दिवस भात करपतोच.

आता एक गोड गोष्ट. नील हेफर्नन यांनी गणित शिकवणारा संगणकी कार्यक्रम लिहिला, तेव्हा नमुना म्हणून त्यांच्यासमोर होत्या क्रिस्टिना लिंडक्विस्ट, एक शिक्षिका. या बाई मुलाला उत्तर सांगून टाकत नसत. त्याचं कुठं चुकलं ते ओळखून लहान लहान प्रश्न विचारत. त्या कार्यक्रमाचं नावच ठेवलं 'मिस लिंडक्विस्ट'. पुढं दोघांचं लग्न झालं, आणि दोघांनी मिळून 'असिस्टमेंट्स' हे विनामूल्य साधन उभं केलं.

मेन हे अमेरिकेतलं एक राज्य. तिथं २००२ पासून सातवीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळू लागला. त्या राज्यातल्या ४३ शाळांतल्या २,८५० सातवीच्या मुलांवर 'असिस्टमेंट्स'ची पाहणी झाली आणि २०१६ साली प्रसिद्ध झाली. मुलं घरचा अभ्यास संगणकावर करायची, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, तोही दहा मिनिटांच्या आत. उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळायचं. सकाळी बाईंच्या हातात यादी तयार असायची: तिसरं गणित वर्गातल्या बहुतेकांचं चुकलं आहे, पाचवं सगळ्यांना आलं आहे. मग बाई पाचव्यावर वेळ घालवत नसत, तिसरं फळ्यावर घेत. वर्षअखेर मधलं मूल सत्तावन्नाव्या जागी गेलं होतं. आधी मागे असलेल्या मुलांना फायदा जास्त झाला.

दहा मिनिटांत एवढा फायदा, कारण यंत्राच्या मागे चूक पाहणारं माणूस होतं.

आधी घरची तपासणी

तेव्हा दुकानात जाण्याआधी मूल कुठं अडलं आहे ते पाहा. रविवारी सकाळी, न रागावता, एका कागदावर ही चार गणितं द्या:

१. ८६४ ला ७ ने भागा. (भागाकार १२३, बाकी ३.)

२. ०.४ आणि ०.१३ यांत मोठी संख्या कोणती? (०.४.)

३. अर्धी वाटी आणि पाव वाटी मिळून किती? अपूर्णांकात मांडून दाखव. (पाऊण.)

४. ३६० रुपयांच्या फ्रॉकवर २५ टक्के सूट आहे, किती रुपये द्यायचे? (२७०.)

उत्तरापेक्षा रीत पाहा. भागाकार अडला, तर गाडी चौथी-पाचवीत अडकली आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत आपल्या देशातल्या ग्रामीण भागातली आठवीची निम्म्याहून अधिक मुलं असा भागाकार करू शकली नव्हती. दुसऱ्या प्रश्नाला पुष्कळ मुलं ०.१३ म्हणतात, कारण तेरा चारापेक्षा मोठे. तिसऱ्यात वर वर आणि खाली खाली बेरीज करून दोन षष्ठांश लिहितात, म्हणजे एक तृतीयांश. अशा वेळी लेकीला ओट्यापाशी न्या. अर्ध्या वाटी रव्यात पाव वाटी रवा घालून दाखवा आणि विचारा, अर्ध्या वाटीत भर घातल्यावर अर्ध्यापेक्षा कमी रवा कसा होईल? ती हसेल आणि तिची चूक तिलाच कळेल. कुठल्याही सॉफ्टवेअरनं करायला हवं ते हेच.

अडलेली जागा सापडली की त्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक काढा. ई-बालभारतीवर ती विनामूल्य मिळतात. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड मोबाईलवर 'दीक्षा'मधून उघडले, तर त्या त्या पाठाचं साहित्यही पैसे न देता पाहता येतं. महिनाभर हे करून पाहा. त्यानंतरही सॉफ्टवेअर घ्यावंसं वाटलं, तर मग पुढचे प्रश्न विचारा.

विक्रेत्याला काय विचाराल?

मूल सातवीत असलं तरी हे चौथीपासून सुरुवात करतं का? चुकल्यावर नुसता लाल फुलीचा शिक्का मारतं, की चूक कुठं झाली ते समजावतं? नुसत्या चित्रफिती आहेत, की मुलानं स्वतः गणितं सोडवायची आहेत? बघत बसलेलं मूल गणित शिकत नाही, पोहण्याची चित्रफीत पाहून पोहता येत नाही तसंच. मराठी माध्यमाच्या मुलीसाठी 'लसावि', 'मसावि', 'गुणोत्तर' हेच शब्द त्यात आहेत का? आणि आठ दिवस फुकट वापरायला देता का?

कागदपत्रांकडे विशेष लक्ष द्या. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं पालकांना जाहीर सूचना दिली होती. जाहिरातींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, खात्यातून पैसे आपोआप वळते होण्याला संमती देऊ नका, अटी बारीक अक्षरांसकट वाचा, पावती मागून घ्या, आणि कळत नसलेल्या कर्जावर सही करू नका, असा तिचा मथितार्थ. कित्येकदा 'हप्ता' म्हणून जे सांगितलं जातं ते कुणा वित्तसंस्थेचं कर्ज असतं. मुलीनं ते साधन उघडलं नाही तरी हप्ता चुकत नाही. सही करण्याआधी यजमानांनी आणि तुम्ही दोघांनीही कागद वाचा. रात्रभर तो घरी ठेवून घ्या. "आजच घेतलं तर सवलत" म्हणणाऱ्याला उद्याच या म्हणावं.

घेतलंच तर

रोज वीस मिनिटं, ठरल्या वेळी, स्वयंपाकघरातून दिसेल अशा जागी. शेजारी वही-पेन्सिल हवीच. गणित कागदावर सोडवायचं आणि उत्तर तेवढं पडद्यावर द्यायचं. आठवड्यातून एकदा लेकीनं तुम्हाला एक चुकलेलं गणित समजावून सांगायचं. तुम्हाला सातवीचं गणित येत नसलं तरी बिघडत नाही, उलट बरंच. तुम्ही "असं का गं?" विचारत जा, सांगता सांगता तिचं तिलाच उमगतं. चुकांची ती वही महिन्यातून एकदा शाळेच्या बाईंना दाखवा.

सासूबाईंची शंकाही खोटी नाही. नुसतं हाती देऊन मोकळं झालं तर खेळच होणार. आणि यजमानांची तळमळही खरी आहे. पण मोठा हप्ता भरला म्हणून आपलं कर्तव्य झालं, असं होत नाही. उसनवार करून तर हे मुळीच घेऊ नका. त्याच पैशांत शेजारची बारावी झालेली, समजूतदार मुलगी आठवड्यातून चार दिवस येऊन बसू शकेल. बालसखीनं जे मुंबईत केलं, ते आपल्या आळीतही होऊ शकतं.

चार गणितांचा कागद आपल्या घरी देऊन पाहा आणि मूल कुठं अडलं ते कळवा. ज्या जागी सर्वांत जास्त मुलं अडलेली दिसतील, ती जागा घरच्या घरी कशी सोडवायची ते पुढं कधीतरी याच पानावर पाहू.